निखारे, इलेक्ट्रिक गिटार आणि पन्नाशी : सांगलीच्या परसात एक संध्याकाळ जमवताना

कोळसा पेटवल्यापासून त्याच्यावर करड्या राखेचा थर चढेपर्यंत साधारण तीस ते पस्तीस मिनिटे लागतात, आणि पन्नाशीतल्या बोटांना इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर एका बैठकीत जेवढा सराव सोसतो, तोही तेवढ्याच वेळाचा असतो. हे माझ्या लक्षात आले तेव्हापासून विश्रामबागेतल्या आमच्या घरामागच्या परसात हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ ठरून गेली आहे. शेगडी आपले काम करते, त्या वेळात आपण गिटारचे काम करायचे आणि एकीसाठी दुसरीला घाई करायची नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात वसतिगृहाच्या खोलीत डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड यांच्या कॅसेट भरून आणून ऐकणारी आमची पिढी आता पन्नाशीच्या आगेमागे आहे. त्या वेळी गिटार घेणे परवडले नाही, आणि आता घेता येते तर खांदा, कान, डोळे आणि रक्तदाब यांचा विचार करावा लागतो. पुढील मार्गदर्शन त्या विचारासकट लिहिले आहे. त्यातला क्रम मी स्वतः सात हिवाळे करून, चुकून आणि दुरुस्त करून बसवलेला आहे.

जागा, हंगाम आणि शेगडी

सांगलीत या बेतासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर विजेची उपकरणे मांडणे धोक्याचे असते, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात निखाऱ्यापुढे उभे राहणे या वयात शहाणपणाचे नाही. परसातली जागा निवडताना शेगडी भिंतीपासून, वाळत घातलेल्या कपड्यांपासून आणि झाडांच्या खालच्या फांद्यांपासून किमान दहा फूट लांब राहील असे पाहावे. आदल्या दिवशी त्याच वेळी तिथे एक उदबत्ती लावून धूर कोणाच्या खिडकीकडे जातो हे पाहावे, कारण शेजारी शाकाहारी असतील तर तो धूर त्यांच्या स्वयंपाकघरात शिरणे योग्य नव्हे. बंद पोर्चमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

शेगडी विकतची घेता येते, परंतु कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ती मापाप्रमाणे करून घेणे मला अधिक पसंत आहे. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि आठ इंच खोल असा तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा डबा, खाली हवा येण्यासाठी उघडझाप करता येणारी दोन भोके, बिजागरीचे झाकण आणि त्यात तळापासून सहा इंचांवर स्टेनलेस स्टीलची जाळी, एवढे सहा-आठ माणसांच्या घराला पुरते. दोन गोष्टी मात्र कारागिराला बजावून सांगाव्यात. जाळी किंवा पत्रा गॅल्व्हनाइज्ड नसावा, कारण तापल्यावर जस्ताचा मुलामा धूर सोडतो आणि तो छातीला अपायकारक असतो. तसेच रसायनाचे किंवा ऑइलचे जुने पिंप अर्धे कापून वापरू नये, कारण आतला लेप आणि उरलेले द्रव्य किती जळून गेले हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. झाकणाचा खर्च वाचवण्याचा मोह टाळावा, कारण या सगळ्या बेताचा कणा झाकणच आहे.

इंधनाला बाभळीचा कोळसा उत्तम. तो जड असतो, ठिणग्या कमी उडवतो आणि निखारा दीर्घकाळ धरतो. सहा माणसांसाठी दोन किलो पुरतो. पेटवणाला तुरीच्या काड्या किंवा उसाची वाळलेली चिपाडे घ्यावीत, दोन्ही क्षणात पेटतात आणि मागे वास ठेवत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात मी घाईने रॉकेलचा बोळा वापरला होता आणि त्या दिवशीच्या कोंबडीला शेवटच्या घासापर्यंत रॉकेलचा वास येत राहिला. तेव्हापासून द्रव इंधन परसात आणायचे नाही असा नियम केला आहे.

द्राक्षाच्या काड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. तासगाव भागात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडतात. युरोपातल्या द्राक्षपट्ट्यांत अशाच काड्यांवर मांस भाजण्याची पद्धत आहे, त्यामुळे आपल्याकडेही तो मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्याकडील बागांवर बुरशीनाशकांच्या आणि कीटकनाशकांच्या फवारण्या वारंवार होतात आणि सालीवर त्यांचे अंश राहू शकतात. बाग स्वतःची असेल आणि काय फवारले याची नोंद हाताशी असेल तरच, साल काढून, जुने जाड खोड वापरावे. एरवी काड्या बंबासाठी राहू द्याव्यात. धुराचा सुगंध हवाच असेल तर आंब्याचे किंवा पेरूचे वाळलेले ढलपे मूठभर निखाऱ्यावर टाकले तरी पुरते.

आच दोन भागांत विभागणे

अमेरिकेत बार्बेक्यू हा शब्द काटेकोरपणे वापरला जातो तेव्हा त्याचा अर्थ थेट आगीवर भाजणे असा होत नाही. झाकणाखाली, धुरात, साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास मांस शिजवणे असा होतो. मांसातले चिवट कोलॅजन मंद आचेवर हळूहळू विरघळून मऊ जिलेटिनमध्ये बदलते, आणि मोठ्या आचेवर मात्र ते बदलण्याआधीच मांस वरून करपून आतून सुकते. टेक्साससारख्या प्रांतात यासाठी गोमांसाचा छातीचा मोठा तुकडा वापरतात. महाराष्ट्रात ते शक्य नाही आणि आपले मटण बोकडाचे, म्हणजे कमी चरबीचे आणि घट्ट धाग्याचे असते, त्यामुळे तिकडची कृती जशीच्या तशी उतरवून हाती निराशाच येते. तत्त्व तेवढे उचलावे आणि कृती आपली ठेवावी.

तत्त्व असे की सगळे निखारे शेगडीच्या एका अर्ध्या भागात सारावेत आणि दुसरा अर्धा भाग रिकामा ठेवावा. निखाऱ्याच्या बाजूला तळहात जाळीपासून चार-पाच इंच वर धरला असता दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला, तर आच तीव्र आहे. सहा सेकंद सोसला तर मध्यम आणि आठ-दहा सेकंद सोसला तर मंद समजावी. तीव्र बाजूवर रंग आणायचा आणि रिकाम्या बाजूवर झाकण लावून शिजवायचे. या विभागणीमुळे आपल्याला शेगडीपासून अर्धा तास हात मोकळे मिळतात, आणि गिटारचा सगळा कार्यक्रम त्या अर्ध्या तासावर उभा आहे.

कोंबडीसाठी, सहा जणांना दीड किलो तंगड्या घेऊन त्यांना हाडापर्यंत चिरा द्याव्यात. पाव किलो घट्ट दही, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, एक लहान चमचा हळद, दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला, एका लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे शेंगतेल यांत त्या सकाळीच मुरवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरात तीच असावी, आणि ती ताजी दळलेली असावी हा माझा आग्रह आहे, कारण निखाऱ्यावर हळदीचा कच्चेपणा लगेच जाणवतो. मीठ दीड किलोला बारा ग्रॅमांपेक्षा अधिक घालू नये. कांदा-लसूण मसाल्यात बहुधा मीठ असतेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमांखाली सांगितली आहे. मसाल्यात गूळ, साखर किंवा मध मुळीच घालू नये, ते अर्ध्या वाटेतच करपतात. गोडसर मुलामा हवा असेल तर तो शेवटच्या पाच मिनिटांत फासावा. कच्च्या कोंबडीचा उरलेला मसाला उकळल्याशिवाय पुन्हा वरून लावू नये.

मटणासाठी मी आपल्याच भागातल्या पद्धतीचा आधार घेतो. एक किलो मटण हळद, मीठ आणि आले-लसूण लावून कुकरमध्ये नेहमीच्या निम्म्या शिट्ट्यांपुरते शिजवून घ्यावे, म्हणजे निघालेल्या बिनमसाल्याच्या पाण्याचा पांढरा रस्सा होतो आणि अर्धे शिजलेले तुकडे कांदा-लसूण मसाला आणि तेल चोळून सळईवर लावता येतात. मग रिकाम्या बाजूला झाकणाखाली वीस मिनिटे धुरात ठेवून शेवटी दोन-तीन मिनिटे निखाऱ्यावर फिरवले की पुरते. शुद्धतावाद्यांना हे मान्य होणार नाही, परंतु पन्नाशीत दात आणि पोट दोघांनाही हे मान्य होते. कच्च्या पपईचा गर वापरायचा असेल तर किलोला दोन लहान चमचे आणि दोन तास ही मर्यादा पाळावी. रात्रभर ठेवल्यास मांस पिठूळ होते.

करपलेला काळा भाग चव म्हणून खाण्याची सवय मात्र सोडावी. मोठ्या आचेवर मांस करपताना आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून धूर उठताना जी संयुगे तयार होतात त्यांपैकी काही कर्करोगाला कारण ठरू शकतात असे मानले जाते. दह्या-लिंबात मुरवणे, वरचेवर उलटणे आणि ठिबकणाऱ्या चरबीखाली निखारा न ठेवणे यांनी ती कमी होतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी जाळी आणि चिमटा वेगळे ठेवावेत आणि त्यांचे पदार्थ आधी करावेत. कृष्णाकाठच्या वांग्यांना तेल चोळून, दोन-तीन ठिकाणी टोचून, थेट निखाऱ्यात ठेवले की वीस मिनिटांत साल काळी पडते आणि भरीत तयार होते. मक्याची कणसे सालीसकट अर्धा तास पाण्यात भिजवून जाळीवर टाकली तर आत वाफेवर शिजतात. ज्वारी हुरड्यात असेल तर शेगडीऐवजी गोवऱ्यांची आगटी करावी, तिची बरोबरी कोळशाला येत नाही.

या वयाला साजेशी गिटार

गिटार निवडताना बहुतेक लोक आपल्या आवडत्या वादकाच्या हातातली निवडतात. मी त्याऐवजी आपल्या खांद्याला, बोटांना आणि घरातल्या वायरिंगला विचारून निवडावी असे सुचवीन. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर, जी १९५४ साली बाजारात आली, तारेची कंप पावणारी लांबी साडेपंचवीस इंच असते. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉलवर, जी १९५२ साली आली, ती पावणेपंचवीस इंच असते. पाऊण इंचाचा हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु तेवढ्याने त्याच जाडीच्या तारेवरचा ताण सुमारे सहा टक्के कमी होतो आणि दोन पडद्यांमधले, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतरही आखडते. आखडत चाललेल्या बोटांना हे दोन्ही उपकारक आहे. अडचण अशी की लेस पॉल वजनाला पुष्कळदा चार किलोंच्या वर जाते, आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांना, खांदा आखडण्याची तक्रार अधिक आढळते.

दुसरा प्रश्न पिकअपचा, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या लहरीत बदलणाऱ्या भागाचा, आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या एकेरी कॉइलमध्ये घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर उतरते, आणि पंख्याचे रेग्युलेटर व एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर तिच्यात भर घालतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली सिद्ध केलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल अशा जोडलेल्या असतात की तारेचा आवाज दोघींचा मिळून वाढतो आणि बाहेरची घरघर एकमेकींत विरून जाते. म्हणून माझी शिफारस गिब्सनच्याच एसजी घडणीच्या गिटारला आहे. ही घडण १९६१ साली आली. तिला लांबी आखूड, पिकअप हंबकरचे आणि वजन साधारण तीन किलोंच्या आसपास असते. गिब्सनचीच एपिफोन ही उपकंपनी ती तुलनेने आवाक्यातल्या किमतीत देते. तिचा एकच दोष असा की मान जड असल्याने ती खाली झुकते. त्यावर उपाय म्हणून मी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून चार बोटे रुंद चामडी पट्टा करून घेतला आणि त्याची खरखरीत बाजू अंगाकडे ठेवली. पट्टा घसरत नाही आणि वजन खांद्यावर पसरते.

तारा ९ ते ४२ (इंचाचे हजारावे भाग) या हलक्या जाडीच्या घ्याव्यात आणि सगळी गिटार अर्ध्या स्वराने उतरवून लावावी. ताण तारेच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे अर्धा स्वर उतरल्यावर तो सुमारे अकरा टक्के घटतो, आणि आपला आवाज या वयात खाली आलेला असेल तर गाणेही सोपे जाते. हलक्या तारा लावण्यात कमीपणा वाटून घेण्याचे काही कारण नाही. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या पडदे दाबण्याच्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात तुटली. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा शोधल्या, पुढे गिटार दीड स्वर उतरवून लावली आणि त्यातून जो जड, खोल नाद निघाला त्यावर हेवी मेटलची सगळी इमारत उभी राहिली.

सांगलीच्या हवेत गिटारची मान वर्षातून दोनदा हलते, एकदा जूनमध्ये ओल वाढली की आणि एकदा नोव्हेंबरमध्ये ती गेली की. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. ती वाढली असेल तर बोटांचे दुखणे वयावर ढकलण्याआधी जाणकाराकडून सेटअप, म्हणजे मान आणि तारांच्या उंचीची जुळणी, करून घ्यावा.

धानी, मींड आणि रॉक

मराठी घरात वाढलेल्या माणसाने क्लासिक रॉक शिकताना एक मोठी पुंजी आधीच जमवलेली असते आणि ती त्याला कोणी सांगत नाही. रॉकमधले बहुसंख्य एकल वादन ज्या पाच स्वरांवर उभे आहे ते मायनर पेंटाटोनिक म्हणजे षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. हे स्वर धानी रागाचे आहेत, आणि भीमपलासचा आरोहही याच स्वरांनी चढतो. लहानपणापासून नाट्यगीते, अभंग आणि रेडिओवरचे गायन कानांवर पडलेल्या माणसाला हे स्वर ओळखीचे असतात, शोधायची असते ती फक्त त्यांची गिटारवरची जागा. गिटारच्या नेहमीच्या सूरजुळणीत (ती अर्ध्या स्वराने उतरवलेली असली तरी) सहाव्या तारेचा पाचवा पडदा षड्ज मानावा. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचव्या, चौथ्या व तिसऱ्या तारेवर ५ आणि ७, दुसऱ्या व पहिल्या तारेवर पुन्हा ५ आणि ८ असे पडदे दाबले की धानीची सव्वादोन सप्तके हाताखाली येतात. पहिले पंधरा दिवस एवढेच, तंबोऱ्याच्या ॲपवर, सरगम म्हणत वाजवावे. म्हणत वाजवणे महत्त्वाचे आहे, कारण चाळिशीच्या चष्म्यातून पडद्यांवरचे ठिपके नीट दिसत नाहीत आणि संध्याकाळी परसात तर मुळीच दिसत नाहीत. जागा कानाने आणि स्पर्शाने पक्की झाली पाहिजे.

दुसरी ओळख मींडेची. इलेक्ट्रिक गिटारवर ज्याला बेंड म्हणतात ती क्रिया सतारीवरच्या मींडेसारखीच आहे, दोन्हीकडे तार पडद्यावर आडवी ओढून स्वर चढवला जातो. ज्या मिरजेत शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांकडून वाद्यांकडे वळली, आणि जिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्या शेजारी आहे. तिथल्या एखाद्या कारखान्यात अर्धा तास बसून सतारवादकाची मींड पाहावी. तिचा आरंभ किती सावकाश असतो आणि वरच्या स्वरावर ती किती नेमकी विसावते हे पाहून माझा बेंड जेवढा सुधारला तेवढा कोणत्याही चित्रफितीने सुधारला नाही. सरावासाठी तिसऱ्या तारेवरचा सातवा पडदा, म्हणजे आपला मध्यम, अनामिकेने दाबून मागे मधले बोट आणि तर्जनी आधाराला ठेवावी व तार वर ढकलून पंचमापर्यंत न्यावी. आधी नवव्या पडद्यावर पंचम वाजवून कानात भरून घ्यावा. जोर बोटांतून न लावता मनगट किल्लीसारखे फिरवून लावावा, अन्यथा बोटांचे सांधे दुखावतात.

पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, एवढेच. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणारी सोय, लावल्यावर गंधार मिसळला की स्वरांचा चिखल होतो आणि षड्ज-पंचम मात्र तंबोऱ्यासारखे स्वच्छ राहतात, म्हणून रॉकने गंधार वगळला. पहिली धून डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची घ्यावी. हे गाणे १९७२ साली त्यांच्या अल्बमवर आले आणि ते डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी कॅसिनोला लागलेल्या आगीवर रचलेले आहे. चौथी आणि तिसरी तार एकत्र छेडून पडदे असे घ्यावेत: ०, ३, ५, मग ०, ३, ६, ५, मग ०, ३, ५ आणि परत ३, ०. तिसऱ्या तारेला षड्ज मानले तर हे सा, कोमल ग, म असे चालते आणि मधल्या सहाव्या पडद्यावर तीव्र मध्यम हलकेच स्पर्शून जातो. डीप पर्पलचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चकतीने) न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकदम छेडून वाजवतात. आपणही तसेच करावे, दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात.

रोज वीस मिनिटांचा सराव रविवारच्या तीन तासांपेक्षा अधिक फळ देतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर फोड आल्यास थांबावे, आणि मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर प्रत्येक बैठकीनंतर बोटे पाहून घ्यावीत. थंडीत आधी कोमट पाण्यात हात शेकावेत.

वीज, आवाज आणि कान

गिटारच्या तारा वायरीमार्फत ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. घराचे अर्थिंग सदोष असेल, हात ओले असतील आणि दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरला असेल तर काय होते हे स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडच्या लेस हार्वे यांच्या बाबतीत जगाला दिसले. १९७२ साली स्वान्सी येथे व्यासपीठावरच विजेचा धक्का बसून त्यांचा मृत्यू झाला. म्हणून परसात तीन पिनांचाच सॉकेट, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि चांगली जाड एक्स्टेन्शन वायर, एवढे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय मेनवरचा ॲम्प बाहेर आणू नये. याहून सोपा मार्ग बॅटरीवरच्या ॲम्पचा. रोलँडच्या मायक्रो क्यूबसारखा लहान ॲम्प सहा पेन्सिल सेलवर चालतो, परसाला पुरून उरतो आणि वीज गेली तरी कार्यक्रम थांबत नाही.

ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, मागे किंचित कलता, ऐकणाऱ्यांच्या कानांकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे आवाज कमी असूनही पोहोचतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर आदळत नाही. गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवून मास्टर व्हॉल्यूम (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) खाली ठेवला की रॉकचा पोत लहान आवाजातही मिळतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहा वाजता सुरू होते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे आणि भरताचा एक वाडगा पोहोचवावा. स्वतःच्या कानांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. कानात शिट्टी वाजू लागली तर त्या आठवड्यात गिटार बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे, एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

प्रत्यक्ष संध्याकाळ

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेपाचला कोळसा पेटवावा आणि शेगडी डोळ्यांसमोर राहील अशा रीतीने व्हरांड्यात, निदान दहा-बारा फुटांवर, गिटार घेऊन बसावे. पेटत्या शेगडीकडे पाठ करू नये. निखारे होईपर्यंत गिटार लावणे, धानीचे आरोह-अवरोह आणि चार मींडा एवढे होते. सहा वाजून पाच मिनिटांनी निखारे एका बाजूला सारून वांगी, कांदे आणि कणसे लावावीत. साडेसहाला कोंबडी रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावावे. आता चाळीस मिनिटे शेगडीला आपली गरज नाही, मध्ये एकदाच तुकडे उलटायचे. ही मुख्य बैठक.

कोंबडी हाताळणे आणि गिटार हाती घेणे या दोन कामांच्या मध्ये हात साबणाने धुवून कोरडे करणे अत्यावश्यक आहे. कच्च्या कोंबडीचे जंतू गिटारवर आणि तिथून पाहुण्यांच्या हातांवर जाऊ शकतात, आणि लिंबाचे आम्ल व मीठ तारांना आठवडाभरात गंज चढवतात. संध्याकाळी डास येतात, परंतु डीट हे रसायन असलेले मलम हातांना लावून गिटार धरू नये, ते प्लॅस्टिक आणि पॉलिश विरघळवते. मलम पायांना लावावे किंवा कडुनिंबाचा धूर करावा.

सात वाजून दहा मिनिटांनी कोंबडी तीन-चार मिनिटे निखाऱ्यावर फिरवून रंग आणावा आणि हाडाजवळच्या मांसात थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच उतरवावी. असे थर्मामीटर महाग नसतात आणि अंदाजाने खाण्यापेक्षा ते परवडतात. दहा मिनिटे ताटाखाली झाकून ठेवली की रस आत मुरतो. तेवढ्यात निखाऱ्याच्या बाजूवर भाकरी फुगवून घ्यावी. जेवण साडेसातला, पांढरा रस्सा, भरीत, कच्चा कांदा आणि ताक यांच्यासह.

जेवणानंतर पाऊण तास कोणी वाद्याला हात लावू नये, बोलावे, जुन्या कॅसेटी काढाव्यात. मग पावणेनऊला शेवटची बैठक, अगदी हलक्या आवाजात, डिस्टॉर्शन बंद ठेवून. आमच्याकडे या वेळी मेहुणे तबला घेऊन बसतात आणि धानीचे स्वर केरव्यावर एखाद्या संथ ब्लूजसारखे झुलू लागतात. पावणेदहाला ॲम्प बंद.

तारा कोरड्या सुती कापडाने खालून-वरून पुसून गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी आणि ती आगीजवळच्या उबेत विसरू नये. शेगडीची भोके आणि झाकण बंद केले की निखारे हवेअभावी विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या शनिवारी चालतो. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये, आणि ती बागेत ओतू नये, कारण राख अल्कधर्मी असते आणि कृष्णाकाठच्या आपल्या काळ्या जमिनींत क्षार आधीच पुष्कळ आहेत. झाकण लावण्यापूर्वी मात्र चार रताळी न सोलता राखेत पुरून ठेवावीत. सकाळी ती काढून, साल सोलून, कुसकरून थंड दुधात घालावीत. रविवारची न्याहारी तयार झालेली असते.